प्लायदानाचं पुण्य

घराचं काम संपलं, वास्तुशांत झाली, मिस्त्री शेवटचा हप्ता घेऊन गेला. बाल्कनीत आता प्लायचे तुकडे, एमडीएफच्या पट्ट्या, सनमायकाची कातरणं आणि गोणीभर भुसा उरलाय. याचं काय करायचं, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुमच्यात दानत कमी आहे. अन्नदान झालं, वस्त्रदान झालं, आता प्लायदान करा.

सुरुवात सोसायटीच्या वॉचमनपासून. थंडीत बिचारा गेटपाशी कुडकुडत असतो. "काका, घेऊन जा हे, शेकोटीला होईल," असं म्हणायचं. आवाजात माया हवी. साध्या प्लायचे थर बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेले असतात आणि तुम्ही हट्टाने घेतलेल्या '710', म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचे फिनॉल फॉर्मल्डिहाइडने. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलंय. पण ते काकांना सांगत बसू नका, देताना वस्तूचे दोष काढू नयेत. शिवाय वाळवीने तोंड लावू नये म्हणून तर तुम्ही या लाकडाचे जास्त पैसे मोजलेत. जे वाळवी खात नाही ते माणसाच्या फुफ्फुसाला बाधेल, ही शंका निव्वळ नास्तिकपणाची.

मग कामाच्या मावशी. सिलिंडर महिनाभर पुरवायचा म्हणून त्यांच्याकडे आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं. त्यांना एमडीएफ द्या. लाकडाचे बारीक तंतू आणि भरपूर गोंद यांचाच तो बनलेला असतो, त्यामुळे धूरही दर्जेदार मिळतो. पत्र्याच्या खोलीत खिडकी नसेल तर तो वायाही जात नाही.

उरलेलं भंगारवाल्याला द्या आणि पुढे कुठे जातं ते विचारू नका. मुंबईत मोडक्या फर्निचरचं लाकूड स्वस्त पडतं म्हणून बेकऱ्यांच्या भट्टीत जातं, हे उगाच कळायचं. उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, म्हणजे न्यायालयालाही पावाची चव कळत नाही. तुमच्या जुन्या कपाटाचा पल्ला तुमच्याच मिसळीच्या पावाखाली धगधगला असेल, तर त्याला ऋणानुबंध म्हणायचं.

खरा सोहळा मात्र होळीचा. झाडं तोडू नका, असं शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. बरोबरच आहे, म्हणून प्लाय जाळा. गच्चीवरच्या मांडवातली हिरवट झाक असलेली पाइनची फळी निघाली असेल तर ती एरंडाशेजारी मधोमध उभी करा. त्या हिरवट रंगामागे बहुधा क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण असतं, आणि अभिमान बाळगा, ते अस्सल स्वदेशी आहे. 1933 मध्ये देहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी ते शोधलं. अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती लाकडासाठी 2003 च्या अखेरीस ते बंद केलं, पण त्यांच्याकडे कुठे होळी असते? आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही. थोडं धुरातून जातं, बाकीचं राखेत बसतं. दुसऱ्या दिवशी तीच राख पोरांच्या कपाळाला लावायची. उरली तर तुळशीच्या कुंडीत.

काही विघ्नसंतोषी लोक वेगळंच सांगतील. म्हणे काम सुरू होण्याआधीच मिस्त्रीकडून आठ बाय चारच्या प्रत्येक शीटचा कटिंगचा नकाशा काढून घ्या, म्हणजे तुकडे कमी उरतात. (मिस्त्री 'दोन शीट जादाच आणा' म्हणाला तेव्हा तुम्ही मान डोलावली होती, आणि आता त्याचा अपमान करायचा?) म्हणे हातभर तुकडे दुसऱ्या सुताराला द्या, त्याला ड्रॉवरच्या तळाला लागतातच. म्हणे भुसा झाडताना तोंडाला मास्क बांधा, आणि भुसा कंपोस्टमध्ये किंवा गुरांखाली टाकू नका. आणि अगदीच निरुपयोगी चुरा कोरडा ठेवून, गोणीत बांधून, पालिकेला आधी विचारून, लागेल ते वाहतुकीचं भाडं भरून रीतसर पाठवा. भाडं भरून! मॉड्युलर किचनला लाखो रुपये घातलेल्या माणसाने कचऱ्यासाठी खिशात हात घालायचा म्हणजे उधळपट्टीची हद्द झाली.

कायद्याचीही धास्ती नको. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000, असा दंड राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये ठरवला खरा. पण दंड जाळणाऱ्याला असतो, दात्याला नाही. पालिकेचा माणूस गेटवर येऊन शेकोटी कोणाची म्हणून विचारू लागला, तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वॉचमनकडे बोट दाखवायचं आणि धूर आत येतोय म्हणून खिडकी लावून घ्यायची.