‘फुल्ल करूनही आवाज येत नाही’ : दोन तारे देणाऱ्या पालकांना आमचं उत्तर

नमस्कार,

मुलांना गोष्टी ऐकवणाऱ्या आमच्या प्लेअरला तुम्ही दोन तारे दिलेत, पण कारणं नीट लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. तुमच्या तक्रारी अशा: आवाज फुल्ल केला तरी आजींच्या आवाजात तुम्ही रेकॉर्ड केलेल्या गोष्टी नीट ऐकू येत नाहीत, त्या भलत्याच क्रमाने वाजतात, गोष्टीचं कार्ड प्लेअरला टेकवलं तर कधी लागतं कधी नाही, साडेतीन वर्षांचं मूल दहा मिनिटांत उठून जातं, आणि दोन महिने कपाटात ठेवलेला प्लेअर आता चार्जच होत नाही. शेवटी ‘यापेक्षा टॅब्लेट परवडला’ असंही लिहिलंत. यातल्या दोन चुका सरळ आमच्या आहेत. आवाजाची मर्यादा मात्र आम्ही मुद्दाम घातलेली आहे आणि ती काढणार नाही.

मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांसाठी हीच पातळी ७५ डेसिबल, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला फक्त ५. त्यात मुलं प्लेअर टेबलावर ठेवून ऐकत नाहीत, कानाशी धरतात. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, त्यामुळे खोलीच्या टोकाला ऐकू जाईल इतका स्पीकर उघडला तर कानाशी धरल्यावर तो फार जास्त होतो. पंखा चालू असेल तर आवाज वाढवण्यापेक्षा प्लेअर दोन मीटरवरून एक मीटरवर आणा, तेवढ्याने फरक कळेल. आणि गादीवर स्पीकरची जाळी खाली करून ठेवू नका.

हेडफोनचंही सांगून ठेवतो. आमची मर्यादा सोबत दिलेल्या हेडफोनवर मोजलेली आहे. दुसरा जास्त संवेदनशील हेडफोन लावला तर तेवढ्याच विजेवर तो जास्त मोठ्याने वाजतो, आणि मग मर्यादेची हमी उरत नाही.

पण तुमच्याच परीक्षणात एक वाक्य आहे: ‘सोबत आलेल्या कार्डांचा आवाज ठीक आहे.’ म्हणजे स्पीकर बरोबर आहे, रेकॉर्डिंग हळू आहे. तुम्ही जोडलेली फाइल आम्ही उघडून पाहिली. आजींचा आवाज लांबून येतोय, मागे पंख्याची घरघर आहे आणि राक्षस पडतो तिथे आजींनी टेबलावर हात आपटलाय. तो एक ‘धाड्’ फाइलमधला सगळ्यात उंच बिंदू आहे. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये ‘नॉर्मलाइझ’ (सगळी फाइल सारखीच मोठी करणारं बटण) दाबलं की ते हा उंच बिंदू बघून ठरवतं की आता वर जायला जागा नाही. बाकीची सात मिनिटं आहेत तशीच राहतात.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात या क्रमाने करा. बोलणं नसलेले दोन सेकंद, म्हणजे नुसता पंखा, निवडून ‘नॉइज रिडक्शन’ला त्याचा नमुना द्या आणि मग पूर्ण फाइलवर ६ ते ९ डेसिबल एवढीच घरघर कमी करा. हावरटपणा केला तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. नंतर १०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खर्जातला भाग ‘हाय-पास’ने काढून टाका. एवढासा स्पीकर तो वाजवू शकत नाहीच, नुसता थरथरतो. मग ‘कंप्रेसर’, म्हणजे ‘धाड्’ आणि बोलणं यातली दरी कमी होईल. त्यानंतर ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उणे १८ एलयूएफएसला (हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप; आमच्या गोष्टीही याच पातळीवर असतात) आणि सगळ्यात शेवटी ‘लिमिटर’, म्हणजे त्याहून वर आवाज जाऊ न देणारी मर्यादा, उणे १ डेसिबलला. कंप्रेसर आणि नॉर्मलायझेशनची अदलाबदल करू नका, नाहीतर कंप्रेसर पुन्हा आवाज खाली आणतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

पुढच्या गोष्टीसाठी मात्र रेकॉर्डिंगच नीट करा, दुरुस्तीपेक्षा ते सोपं आहे. फोन विमान मोडवर, खाली घडी केलेला टॉवेल, आजींच्या तोंडापासून एक वीत अंतर आणि किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवेचा फटका बसतो. पंखा तेवढा वेळ बंद. पडदे आणि गादी असलेली खोली निवडा, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर निघत नाही.

आता क्रमाचं. ही चूक आमची. माहितीपत्रकात आम्ही ‘फाइलना १, २, ३ अशी नावं द्या’ असं छापलंय, पण तुमच्याकडच्या प्लेअरमधली चिप नाव बघतच नाही. मेमरी कार्डवर फाइल ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने ती वाजवते. सगळ्या एकदम कॉपी केल्या की कॉम्प्युटर त्या आपल्या मर्जीने लिहितो. नावाप्रमाणे लावल्या तरी १ नंतर १०, ११ आणि मग २ असा घोळ होतो. नवं सॉफ्टवेअर येईपर्यंत उपाय असा: मेमरी कार्ड फॅट३२ या पद्धतीत फॉरमॅट करा, नावं ००१, ००२ अशी तीन अंकी ठेवा आणि फाइल एकेक करून टाका. मॅकवरून कॉपी केलीत तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलही सोबत जातात; दोन गोष्टींमध्ये प्लेअर गप्प बसतो तो त्यामुळे. त्या पुसा. ६४ जीबीचं मेमरी कार्ड घेऊ नका, ते सहसा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतं आणि आमचा प्लेअर ते वाचत नाही. बोलण्यासाठी फाइल मोनो (एकाच वाहिनीची) आणि ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) पुरते. त्यात एका तासाला सुमारे २९ एमबी लागतात, म्हणजे ८ जीबीमध्येच अडीचशे तासांहून जास्त मावतं. पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रम नावाप्रमाणे लागेल.

गोष्टींची कार्डं. तुमच्या फोटोतच उत्तर दिसलं: कार्डावर चमकीचे स्टिकर चिकटवलेत. कार्डात गोष्ट नसते, फक्त एक क्रमांक असतो, आणि प्लेअर तो १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातून वाचतो. चमकी म्हणजे धातूचा पातळ थर. तो हे क्षेत्र खाऊन टाकतो. सरळ टेकवलं तर कधी वाचलं जातं, तिरकं टेकवलं तर नाही, म्हणून ‘कधी लागतं कधी नाही’. कागदी स्टिकर खुशाल लावू द्या. स्टिकर काढूनही चालत नसेल तर एनएफसी (अशी कार्डं टेकवून वाचण्याची सोय) असलेल्या फोनला टेकवून बघा. फोनलाही कळलं नाही तर कडेने फिरणारी तार तुटलीय, बहुतेक कोपरा चावल्यामुळे. असं कार्ड दुरुस्त होत नाही. त्यावरचा क्रमांक कळवा, दुसरं पाठवतो.

आमची दुसरी चूक चार्जिंगची. पहिल्या बॅचमध्ये सी-टाइप जोडणीला लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर (प्लेअर जोडलाय हे चार्जरला कळवणारे छोटे भाग) बसवलेले नाहीत. त्यामुळे दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जर वीजच सोडत नाही आणि प्लेअर मेल्यासारखा वाटतो. एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली केबल लावा. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर पहिला अर्धा तास दिवाही लागणार नाही, कारण अशा वेळी चार्जिंग अगदी हळू सुरू होतं. तासभर वाट बघा. प्लेअर फुगलेला किंवा गरम वाटला तर मात्र लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. यापुढे बरेच दिवस ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा, आणि मागचं बटण सरकवून पूर्ण बंद करा. नुसता गप्प झालेला प्लेअर बंद नसतो, थोडी थोडी वीज खातच असतो.

राहिला टॅब्लेट. साडेतीन वर्षांचं मूल ‘दहा मिनिटांत उठून जातं’ हे आम्हाला बिघाड वाटत नाही. या वयात ऐकणं बसून होत नाही, ठोकळे रचता रचता होतं. अर्ध्या तासाच्या गोष्टीऐवजी पाच-सात मिनिटांची लावा आणि तीच ती पुन्हा मागितली तर लावू द्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनसमोर बसणं दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं, असं आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. एवढं धरूनही टॅब्लेटच बरा वाटला तर प्लेअर परत घेऊ, अडवणार नाही.

प्लेअरच्या तळाशी असलेल्या क्रमांकाचं चौथं अक्षर ‘क’ असेल तर तो पहिल्या बॅचचा आहे, आम्ही बदलून देतो. आजींची मूळ फाइल पाठवलीत तर आवाजही नीट करून देऊ. ‘धाड्’ ठेवतो, फक्त थोडा खाली आणतो.