दहा हजार एमएएच म्हणजे दहा तास नेट? हिशेब तसा लागत नाही

पावसाळा तोंडावर आला की एक सल्ला फोनाफोनी फिरू लागतो. त्याचा सारांश असा: दहा हजार एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचं माप) मिनी यूपीएस, म्हणजे राउटरसाठीचा छोटा बॅटरीचा डबा घ्या, लाइट गेली तरी राउटर दहा तास चालतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मिनी यूपीएसही नको. पॉवर बँक असेल तर पाच व्होल्टचे बारा करणारी केबल पुरते. फायबरला वीज लागतच नाही, त्यामुळे पुढची काळजी नको. आणि सगळंच बंद पडलं तरी लँडलाइन आणि मोबाइल आहेतच. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून सल्ला पटतो आणि ऐन वेळी तोंडघशी पाडतो.

‘दहा हजार एमएएच, म्हणजे दहा तास’

राउटरच्या अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ लिहिलेलं असतं. एक अँपिअर म्हणजे १,००० मिलिअँपिअर, मग १०,००० भागिले १,००० बरोबर दहा. भागाकार बरोबर आहे, पण भागलेल्या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. यूपीएसमधले लिथियम सेल ३.७ व्होल्टचे असतात. आत २,५०० एमएएचचे चार सेल असले की डब्यावर १०,००० छापतात, आणि तो आकडा ३.७ व्होल्टलाच खरा असतो. म्हणून मोजायचं ते वॉट-तासांत: १० गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॉट-तास. ते १२ व्होल्टवर चढवताना साधारण १५ टक्के उष्णतेत जातात आणि हाती ३१ उरतात. राउटर ८ वॉट खात असेल तर हे पावणेचार-चार तास पुरतात, १२ वॉट खात असेल तर जेमतेम अडीच.

अनेक घरांत केबलवाल्याचा फायबरचा डबा वेगळा आणि वाय-फाय राउटर वेगळा असतो. हिशेबात दोन्ही धरा. एक ६ वॉट, दुसरा ७ वॉट, मिळून १३. यांना चार तास चालवायचं तर ५२ वॉट-तास हवेत. ते ०.८५ ने भागले की ६१, आणि ३.७ ने भागले की साडेसोळा हजार एमएएच. सेल जुने होत जातात, तेव्हा वीस हजारांच्या आसपासचा यूपीएस घ्यावा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा काही भागांत ती दुपारपर्यंत आली आणि काही भागांत रात्र झाली. अडीच तास आणि दहा तास यांतला फरक अशा दिवशीच कळतो.

विकत घेण्याआधी जुन्या अडॅप्टरचं लेबल वाचा. इनपुटची ओळ सोडा, आउटपुटची पाहा: १२ व्होल्ट की ९ की ५, आणि किती अँपिअर. शेजारी अर्धवट वर्तुळात ठिपका असलेलं चिन्ह असतं, त्यात अधिकचं चिन्ह मधल्या ठिपक्याला जोडलेलं असायला हवं. पिनची बाहेरची जाडी बहुधा ५.५ मिलिमीटर असते, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात शिरते, पण सैल बसते. मग कुणी टेबलाला धक्का लावला की राउटर रीस्टार्ट होतो आणि दोष यूपीएसला मिळतो. दोन डबे एकाच यूपीएसवर लावायचे असतील तर त्यांच्या अँपिअरची बेरीज यूपीएसच्या कमाल आउटपुटच्या आत हवी.

यूपीएस राउटरच्या डोक्यावर ठेवू नका. कायम भरलेला आणि वरून तापलेला लिथियम सेल सर्वांत लवकर म्हातारा होतो. आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी नसलेला डबा स्वस्त मिळाला तरी घरात आणू नये, कारण तो रात्रंदिवस चार्जिंगला असतो.

‘इन्व्हर्टर आहे, मग झालं’

साठ्याचा प्रश्न इथे नाहीच. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास, राउटर म्हणजे त्यापुढे किरकोळ. घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला, राउटर टीव्हीमागच्या ज्या सॉकेटात असतो तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेलाच नसतो. मेन बंद करून पाहिलं की एका मिनिटात कळतं.

दुसरा घोळ मेनवरून बॅटरीवर बदल होण्याच्या क्षणाचा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि इको किंवा नॉर्मल मोड अशी कळ असते. यूपीएस मोडवर बदल १०-१५ मिलिसेकंदांत होतो. इको मोडवर जास्त वेळ लागतो. पंख्याला तो जाणवत नाही, राउटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. नेट परत यायला दोन ते पाच मिनिटं जातात, चालू परीक्षा किंवा मीटिंग गेलीच. मग कळ यूपीएस मोडवर ठेवावी का? शहरात जरूर ठेवा. पण जिथे व्होल्टेज वरचेवर १८० च्या खाली जातं तिथे या मोडवर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर उडी मारतो आणि खरी लाइट जाते तेव्हा बॅटरी अर्धी झालेली असते. अशा गावात इन्व्हर्टर इको मोडवरच बरा. त्याच्या लाइनवर छोटा मिनी यूपीएस आणि त्यावर राउटर लावा. मधला क्षण मिनी यूपीएस सांभाळतो, पुढचे तास इन्व्हर्टर.

‘पॉवर बँक आणि केबल पुरते’

अडीनडीला चालेल, भरवशाचं नाही. १२ व्होल्टवर १२ वॉट द्यायचे तर पाच व्होल्टच्या बाजूला पावणेतीन अँपिअरच्या आसपास ओढावे लागतात आणि साध्या पोर्टमधून दोन-सव्वादोन मिळतात. राउटर सुरू होतो, चार मोबाइल जोडले की आचके देतो. टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, जलद चार्जिंगची पद्धत) केबलमध्येही मेख आहे: ५, ९, १५ आणि २० व्होल्ट ही पीडीची ठरलेली मापं आहेत, १२ प्रत्येक बँकेत असेलच असं नाही. बँक फोनसाठी राखा.

‘फायबरला वीज लागत नाही’

काचेच्या तंतूला नाही लागत, वाटेत एका तंतूचे अनेक फाटे करणाऱ्या स्प्लिटरलाही नाही. दोन्ही टोकांना लागते: घरातल्या डब्याला आणि कंपनीच्या यंत्राला. आणि तुमच्या घरात फायबर खरंच आलंय का, ते आधी पाहा. डब्यात शिरणारी वायर बारीक असून टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल तर फायबर. पारदर्शक क्लिपची जाड नेटवर्क केबल बाहेरून येत असेल, तर गच्चीवर किंवा जिन्यात एक स्विच आहे आणि तो इमारतीच्या विजेवर चालतो. त्याला बॅकअप नसेल तर घरातला यूपीएस नुसता दिवे लावतो. केबलवाल्याला आणि सोसायटीला हे आधीच विचारा.

लाइट गेल्यावर डब्याचे दिवे वाचा. ‘पॉन’ (PON, फायबरच्या जोडणीचा दिवा) स्थिर हिरवा असून नेट नसेल तर घोळ पुढे, कंपनीच्या बाजूला आहे. ‘लॉस’ (LOS) लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाही: वायर तुटली असेल किंवा पलीकडचं यंत्र बंद असेल.

‘लँडलाइन आणि मोबाइल आहेतच’

तांब्याच्या तारेवरचा जुना फोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टवर चालायचा, म्हणून अंधारातही वाजायचा. फायबरवरची लँडलाइन त्याच डब्याच्या फोन पोर्टमधून निघते; डबा मेला की फोनही मेला. डब्याला बॅकअप दिला आणि फोन कॉर्डलेस असला, तर त्याच्या बेसलाही वेगळी वीज हवी. साधा वायरचा फोन जवळ ठेवा.

मोबाइल टॉवरला बॅटऱ्या असतात, कुठे डिझेल जनरेटरही, पण तो साठा तासांचा असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा अनेक गावांत विजेपाठोपाठ मोबाइलही गेला. तिथे मिनी यूपीएसचा उपयोग नव्हता. नेहमीच्या दोन-चार तासांच्या खंडात मात्र आहे: फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग आधीच सुरू करून ठेवा, म्हणजे टॉवर गर्दीने गुदमरला तरी घरच्या नेटवरून कॉल लागतो.

घेतलेला यूपीएस पहिल्या पूर्ण चार्जनंतर तपासा. त्याचा प्लग काढा, एक व्हिडिओ चालू ठेवा आणि राउटर किती वेळाने बंद पडतो ते तारखेसह चिकटपट्टीवर लिहून डब्याला लावा. दर सहा महिन्यांनी पुन्हा तेच करा. वेळ पहिल्या आकड्याच्या निम्म्यावर आली की सेल बदलायला झाले.