पीसमागे ऑफसेट माराल तर रिजेक्शन वाढेल

सीएनसीवाल्यांच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवाल्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरून फिरून येतो: 'प्रत्येक पीस मोजा. जितका फरक, तितका ऑफसेट लगेच मारा. तीनदा तेच माप आलं की माप पक्कं. तरी शंका वाटली तर दहा मापांची सरासरी काढा. रिजेक्शन झीरो.' ऑफसेट म्हणजे पुढच्या पीसचं माप सरकवायला मशीनला दिलेली दुरुस्ती. खाली अंगठ्यांची रांग. नवी पोरं हे वाचून मशीनवर उभी राहतात, म्हणून लिहितोय.

'प्रत्येक पीसनंतर ऑफसेट मारा.' शाफ्टचा ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, ४०.००० मिमी धरा, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे १० मायक्रॉन, म्हणजे मिमीचे १० हजारांश. मशीनला हात न लावता पाच पीस काढले आणि फरक आले +४, −५, +६, −३, +१. पाचही पास. आता फॉरवर्डचं ऐकू. पहिला +४, म्हणून ४ कमी केले. दुसरा मुळात −५ येणार होता, तो −९ वर गेला. घाबरून ९ वाढवले, तर तिसरा +११. रिजेक्ट! मग चौथा −९, पाचवा +४. मशीन तेच, इन्सर्ट (कापणारं टोक) तोच, मटेरियल तेच, आणि फैलाव ११ मायक्रॉनचा झाला २०.

पहिल्या पीसचे +४ त्याच्यापुरते होते. बारचा कडकपणा, जॉब पकडताना पडलेला फरक, असलं काहीबाही. ते पुढच्या पीसमध्ये येत नाहीत. तुम्ही मारलेला ऑफसेट मात्र येतो. गुणवत्तेचे जाणकार डेमिंग नरसाळ्यातून गोट्या सोडून हेच दाखवायचे: प्रत्येक गोटीनंतर नरसाळं हलवलं की गोट्या जास्तच पसरतात. पाच पिसांत फरक जरा जास्तच दिसतो, पण लांबवर चालवलं तरी फैलाव साधारण १.४ पट होतोच.

फॉरवर्डची एक बाजू मात्र खरी. इन्सर्ट झिजतो तसा ओडी वाढत जातो, तिथे ऑफसेट द्यावाच लागतो. फक्त तो कधी द्यायचा हे एका पीसवरून कळत नाही. ठरावीक वेळाने पाच-पाच पीस मोजून सरासरी चार्टवर टाका. १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना शूहार्ट या संशोधकाने कंट्रोल चार्ट काढला तो याचसाठी. ठिपका चार्टवरच्या हद्दीच्या रेषांबाहेर पडला किंवा सलग आठ ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला बसले, की खुशाल हलवा.

'दहा मापांची सरासरी काढा.' हाताच्या दाबाने माप इकडेतिकडे होत असेल तर उपयोग आहे. चार मापं घेतली की तो हेलकावा निम्मा होतो. पण मायक्रोमीटरच ६ मायक्रॉन कमी दाखवत असेल, तर सरासरीही ६ कमीच.

'तीनदा तेच माप आलं की पक्कं.' पुन्हा पुन्हा तेच येणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. मशीनमधून काढलेला गरम जॉब लगेच मोजा: २० अंशांच्या प्रमाण तापमानापेक्षा तो १५ अंशांनी गरम असेल, तर ४० मिमीचं स्टील जवळपास ७ मायक्रॉन फुगलेलं असतं. तीनदा मोजा, तीनदा फुगलेलंच दिसेल.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमची एक अख्खी शिफ्ट अशीच गेली. दोघांनी मोजलं, मापं तंतोतंत जुळली, माल गेला आणि गिऱ्हाइकाकडे बेअरिंग शाफ्टवर चढेना. मायक्रोमीटरचा झीरो सरकला होता. तो तपासायचा २५ मिमीचा मास्टर (अचूक मापाचा नमुना) त्याच पेटीत पडलेला, वरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं.