मानकीकरण म्हणजे मोठ्यांचाच डाव?

'मानकीकरण, म्हणजे मापं आणि पद्धती सगळ्यांसाठी एकसारख्या ठरवणं, हा मोठ्या कंपन्यांचा डाव आहे. फायदा त्यांनाच, नियमही तेच लिहितात, नवं काही घडू देत नाहीत आणि खर्चात लहान उद्योग बुडतात,' अशा अर्थाचा मजकूर सध्या भरपूर फिरतोय. त्यातला खर्चाचा मुद्दा खरा आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

आधी फायद्याचं बघू. एम8चा, म्हणजे 8 मिमी बोल्टचा, साधा नट घ्या. 6.8 मिमीचं ड्रिल मारायचं, 1.25 मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आटे पाडायचा टॅप फिरवायचा, बाहेरून 13चा पाना बसला पाहिजे. गो-नो-गो गेजमध्ये (माप बसतं की नाही एवढंच सांगणाऱ्या मापकात) पास झालेला हा नट दोन माणसांच्या वर्कशॉपमधून आलाय की हजार कामगारांच्या कारखान्यातून, याचं बोल्टला काही देणंघेणं नसतं. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं एकच प्रमाण सुचवलं, त्याआधी कारखान्यागणिक आटे वेगळे असत. यंत्र ज्याचं, नटही त्याच्याकडूनच घ्यायचा. अशा बाजारात लहान पुरवठादाराने शिरायचं कुठून? गिऱ्हाईक बांधून ठेवायचं असेल तर स्वतःपुरतं वेगळं माप हेच मोठ्यांचं हत्यार असतं, आणि मानक नेमकं तेच काढून घेतं.

नियम मोठेच लिहितात, हे अर्धं खरं. समितीच्या बैठकांना वर्षानुवर्षं माणूस पाठवणं लहानांना जमत नाही आणि त्याचा परिणाम मसुद्यांवर होतोच. पण निकाल दरवेळी मोठ्यांच्या मनासारखा लागत नाही. कंटेनर वाहतुकीत सुरुवातीला आघाडीवर असलेल्या सी-लँड या अमेरिकी जहाज कंपनीचे डबे 35 फुटी होते, मॅटसन या दुसरीचे 24 फुटी. आंतरराष्ट्रीय माप म्हणून जगभर रूढ झालं ते 20 आणि 40 फुटांचं. संगणक बनवणाऱ्या आयबीएमचंही तसंच. 1981 च्या तिच्या पीसीची रचना इतरांनी उचलली आणि तेच मानक होऊन बसलं. 1987 मध्ये मायक्रो चॅनेल ही संगणकात जोडकार्डं बसवायची स्वतःची वेगळी जोडणी आणून तिने लगाम परत हातात घ्यायचा प्रयत्न केला, पण कॉम्पॅकसारखे स्पर्धक मागे गेले नाहीत. 2005 मध्ये आयबीएमने पीसीचा धंदाच लेनोव्होला विकला.

कंटेनरची दुसरी बाजूही सांगायला हवी. डबा एकसारखा झाल्यामुळे लहान निर्यातदारालाही डब्यात थोडी जागा घेऊन माल दूरवर पाठवता येतो. पण त्याच डब्यामुळे जहाजं अवाढव्य झाली, जहाज कंपन्या एकमेकींत विलीन होत मूठभर उरल्या आणि गोदीतल्या हमालांची कामं गेली. एकाच मानकाने एका उद्योगात लहानांना वाट दिली आणि शेजारच्या उद्योगात मोठ्यांना आणखी मोठं केलं. म्हणून 'मानक चांगलं की वाईट' असा सरसकट वाद मला फुकट वाटतो. कोणतं मानक आणि कोणत्या धंद्यात, हे विचारा.

नवं काही घडत नाही, हा आरोप वाईट लिहिलेल्या मानकांना लागू पडतो. दार अमुक जाडीच्या लाकडाचंच हवं असं लिहिलं की नवं साहित्य बाद होतं. आगीत अमुक मिनिटं टिकलं पाहिजे असं लिहिलं, तर कुणीही काहीही करून बघावं.

आता खर्च. गेजचं कॅलिब्रेशन (त्याची अचूकता पडताळणं), चाचणी, ऑडिट, मानकाची प्रत विकत घेणं, यांची रक्कम उत्पादनाच्या प्रमाणात कमी होत नाही. दहा हजार नगांवर पडणारा बोजा दहा लाख नगांवर जाणवतही नाही. त्यात आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 9001 मानकाचं प्रमाणपत्र मालाच्या दर्जाचा शिक्का समजून दहा माणसांच्या शॉपकडेही मागितलं जातं. ते व्यवस्थापनाच्या पद्धतीबद्दल आहे, आणि आयएसओ स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. जिथे नगाचा चाचणी अहवाल पुरतो, तिथे खरेदीदाराने तोच मागावा. चाचणीच्या प्रयोगशाळा लहानांना मिळून वापरता याव्यात. आणि कायद्याचा भाग झालेलं मानक वाचायला पैसे पडू नयेत. मार्च 2024 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकांबाबत तसाच निकाल दिला आहे. 'मानकीकरण बंद करा' असा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी या तीन मागण्या लावून धराव्यात.