मूल मोठं होईपर्यंत थांबू नका

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. डोळा गेला तर काचेचा डोळा बसवू नका, रात्री काढायचा राहिला तर जंतू मेंदूत जातात. लहान मुलांना अठरा वर्षांपर्यंत नकोच, कारण तो लहान पडतो. त्यापेक्षा नेत्रदानातला खरा डोळा मिळेपर्यंत थांबा. 2025च्या दिवाळीत कार्बाइड गननं, म्हणजे कार्बाइड आणि पाणी घालून पाइपातून बार काढायच्या घरगुती फटाक्यानं, मध्य प्रदेशात कितीतरी मुलांचे डोळे भाजले. त्यांच्या आया हे वाचत असतील, म्हणून लिहिते आहे.

खरा डोळा मिळत नाही. नेत्रदानातून मिळतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, आणि तो लावायला डोळा जागेवर असावा लागतो. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला अख्खा डोळा बसवला, पण त्यानं त्याला दिसू लागलं नाही.

काचेचं म्हणाल तर आता बहुतेक डोळे अ‍ॅक्रिलिकचे असतात. गोटीसारखा गोळा नसतो, पापण्यांमागे बसणारी वाटीसारखी चकती असते. खोबणीचा साचा घेऊन ती घडवतात आणि दुसऱ्या डोळ्याकडे बघत बुबुळ हातानं रंगवतात. तिच्यामागे त्वचेसारखं बंद अस्तर असतं, मेंदूकडे उघडणारं भोक नव्हे. जंतुसंसर्ग होतो तो बहुधा न धुतलेल्या हातांनी. माझाही एक डोळा असाच आहे, आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर मी चकती घालूनच झोपते. सारखी काढघाल केली की उलट चुरचुरतं. धुवायला साधा साबण आणि पाणी पुरतं. स्पिरिट मात्र कधीच नाही, त्यानं अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात.

आता मुलांचं. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. मूल वाढतं तशी चकती लहान पडते, ती वाढवून घ्यावी लागते किंवा नवी करावी लागते. पण चपला लहान होतात म्हणून आपण पोराला अनवाणी ठेवतो का? लहानपणी खोबण रिकामी राहिली तर ती आक्रसते, आणि चेहऱ्याची ती बाजू मागे पडते.

मी चार वर्षांची असताना विटी लागून माझा डावा डोळा गेला. लग्नाच्या वेळी बघू, असं एका जाणकारानं आईला सांगितलं. आईनं विश्वास ठेवला. तिचा काय दोष? एकोणिसाव्या वर्षी गेले तेव्हा चकती बसायला जागाच उरली नव्हती. ओठाच्या आतली त्वचा काढून खोबणीत लावली, तेव्हा कुठे जागा झाली. आजही डावी पापणी थोडी खाली असते.

म्हणून डोळा काढायचं ऑपरेशन झाल्यावर एवढंच विचारा: खोबण आक्रसू नये म्हणून आत तात्पुरतं पारदर्शक कवच ठेवलंय का? साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, सूज उतरली की, कायमच्या डोळ्याचं माप घेतात. मधेच ते कवच निसटलं तर डबीत जपून ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन परत बसवून घ्या.