अंगावरून जातं ते अंगावर काढू नका

पेशंट सांभाळणाऱ्या मावश्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. माझ्याकडे तो चार जणींकडून आला. त्यात म्हटलंय: पाळी गेल्यावर आजींच्या कपड्यावर लाल दिसलं तर ती उष्णता. अंग गरम नाही म्हणजे आजार नाही. नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, तोवर गेरू लावा. आणि काहीही असो, गुळवेलीचा काढा देऊन प्रतिकारशक्ती वाढवा. शेवटची ओळ: ‘म्हातारपणी असं होतंच, घरच्यांना उगाच घाबरवू नका.’

मी परळला वॉर्डात नर्स होते, आता मावश्यांना शिकवते. मला सगळ्यात जास्त राग त्या शेवटच्या ओळीचा आला. मुलगा-सून सकाळची लोकल पकडून गेलेले असतात, डॉक्टर महिन्यातून एकदा बघतात. बारा तासांच्या ड्युटीत डायपर बदलणाऱ्या, परकर धुणाऱ्या, पाठ पुसणाऱ्या तुम्ही. तुम्ही गप्प बसलात तर कुणालाच कळत नाही.

पाळी थांबून पूर्ण वर्ष झालं की त्यानंतर अंगावरून जाणारं लाल, गुलाबी, तपकिरी, काहीही असो, एकदाच दिसलं तरी ते डॉक्टरांना दाखवायचं. अशा दहा बायकांमधल्या साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकीच्यांना बहुतेक वेळा योनीचा कोरडेपणा किंवा पिशवीतला एखादा साधा कोंब असतो. पण ती एक कोण, हे सोनोग्राफी आणि तपासणी केल्याशिवाय कळत नाही. लवकर सापडला तर हा कॅन्सर ऑपरेशनने बरा होण्याची आशा खूप चांगली असते. गिरगावातल्या एका घरी मावशींनी असे डाग दोन महिने साबणाने धुऊन काढले. आजींनीच त्यांना विनवलं होतं, “कुणाला सांगू नको गं, या वयात लाज वाटते.” दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, आणि त्या प्रेमातच दोन महिने निघून गेले. म्हणून कपडा भिजवण्याआधी तारीख, रंग आणि डाग केवढा ते वहीत लिहा. फोटो काढू नका. आजींना आधी सांगा की मी हे सुनेला सांगणार आहे, मग सुनेला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगा. त्यांची लाज अशीही राखता येते.

त्याच लाजेपायी अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनीतून बाहेर येण्याचा, त्रास बायका वर्षानुवर्षं सोसतात. त्याला व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे, ऑपरेशन आहे. आजोबांच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा: प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची गाठीसारखी ग्रंथी, वाढणं म्हणजे कॅन्सर नव्हे, पण लघवी अडकून ओटीपोट फुगलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

‘ताप नाही म्हणजे आजार नाही’ हे वाचून मला खरोखर भीती वाटली. वय वाढतं तशी प्रतिकारशक्ती मंदावते आणि शरीर तापही नीट चढवू शकत नाही. न्यूमोनिया असून खोकला नाही, लघवीचा संसर्ग रक्तात पोचलाय तरी अंग थंड, असं म्हाताऱ्या माणसांत वारंवार दिसतं. त्याऐवजी दिसतं ते असं: कालपर्यंत नावाने हाक मारणारे आजोबा आज तुम्हाला ओळखत नाहीत, जेवण नको म्हणतात, दिवसभर पेंगतात, बाथरूमला जाताना पडतात. असा अचानक बदल दिसला की संसर्ग असेल असं समजून लगेच कळवा. बरे असतानाचं त्यांचं रोजचं तापमान लिहून ठेवा. त्याहून २ अंश फॅरेनहाइट वाढलं, किंवा तोंडात घेतलेलं एकदाही १००च्या वर गेलं, तर वाट बघू नका. कोणाचं नेहमीचं ९७ असेल तर त्यांना ९९ हाच ताप.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेच्या वाटेने वर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे पुरळ सहसा मधोमध येऊन थांबतं. वेढा पूर्ण होण्याची गोष्ट त्यामुळेच खोटी. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसात पुरळ दोन्हीकडे पसरू शकतं. तो गंभीर प्रकार आहे, पण तोंड-शेपटी जुळल्यामुळे नव्हे. खरी घाई वेगळीच आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांनी दिलेल्या, विषाणूला रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सर्वांत चांगला उपयोग होतो. गेरू लावत बसलं तर तेच तास हातचे जातात, आणि मागे राहणारी आग महिनोन्महिने झोपू देत नाही. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. फोडातल्या पाण्यातून, कांजिण्या कधीच न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात. तुम्हाला त्या झाल्या नसतील किंवा तुम्ही गरोदर असाल तर अशा पेशंटचं काम दुसरीला द्या. ५० वर्षांवरच्यांसाठी दोन डोसांची लस २०२३पासून भारतात मिळते. महाग आहे, पण घरच्यांच्या कानावर घाला.

आता काढा. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं चांगलं, हे गृहीतच चूक आहे. संधिवाताच्या एका प्रकारात, ज्यात सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली असतात, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते. तिला आवर घालायला डॉक्टर औषध देतात आणि आपण काढा पाजून तिला चिथवायला जातो. मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. तुम्ही मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा देऊ नका, आणि घरचे देत असतील तर तेही डॉक्टरांना कळवा.

अशा संधिवाताच्या पेशंटच्या डब्यात बऱ्याचदा मेथोट्रेक्सेट नावाची छोटी गोळी असते. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच द्यायची असते. रोजची समजून दिली गेल्याने माणसं दगावली आहेत. ती रोजच्या गोळ्यांत ठेवू नका. वेगळ्या डबीवर ठरलेला वार मोठ्या अक्षरांत लिहा, आणि बदलीवर येणाऱ्या मावशीला निघण्याआधी तोंडीही सांगा.