टोचलं काय ते लिहून द्या

कुत्र्याच्या डॉक्टरवर शंका घेतली की आमच्या घरात लगेच गप्प बसवतात. "ते शिकलेत का तू शिकलीस?" हा सासूबाईंचा ठरलेला प्रश्न, आणि त्याला उत्तर नाही, कारण शिकलेत तेच. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, घोडा, कुत्रं, सगळं त्यात येतं. आणि पेशंट तोंडानं एक अक्षर सांगत नाही. आदर आहेच. तरी शंका घ्यावी, असं माझं मत झालंय. ती डॉक्टरच्या डिग्रीवर घेऊ नये. सिरिंजमध्ये काय भरलंय, त्यावर घ्यावी. पोस्ट लांबलीय, आधीच सांगते.

बंड्या आमचा लॅब्रॅडॉर. राहायला जुळे सोलापुरात. दीडेक वर्षाचा झाला तेव्हापासून पंजे चाटायला लागला. आधी वाटलं सवय असेल. मग काखेत, पोटाखाली, कानाच्या आत लाली. रात्री खाजवताना मागचा पाय फरशीवर आपटायचा, ठक ठक ठक, की अख्खं घर जागं. पुढं काखेतले केस गेले. खालची गुलाबी कातडी जाड, काळपट आणि सुरकुतलेली झाली. जवळ बसलं की एक आंबूस तेलकट वास यायचा, अंघोळ घातली तरी संध्याकाळपर्यंत परत.

डॉक्टर आमचे जुने. पिल्लू असताना बंड्याला पार्वो, म्हणजे पिल्लांचा तो जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार, झाला होता, त्यातून यांनीच वाचवला. त्यामुळे विश्वास इतका की काही विचारायचा प्रश्नच यायचा नाही. स्टीलच्या टेबलावर बंड्याला चढवायचं, डॉक्टर लांबूनच काख बघायचे, एका बाटलीतून थोडं, दुसरीतून थोडं, एकाच सिरिंजमध्ये ओढायचे, मानेवरची कातडी उचलून टोचायचे. "स्किनचा प्रॉब्लेम आहे. लॅबला असतोच. परत झालं तर आणा." एक-दोन दिवसांत खाज गायब. आम्ही खूश. दोन-तीन आठवडे बरे जायचे आणि मग परत ठक ठक ठक. परत टेबल, परत टोचणी.

मध्येच बंड्या पाणी जास्त प्यायला लागला. उन्हाळ्याचे दिवस, सोलापूरचा पारा 42-43 वर, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पण पाऊस पडून गारवा आला तरी घमेलं रिकामं व्हायचं थांबेना. भूक तर विचारू नका. आणि कधी घरात लघवी न करणारा कुत्रा रात्री दारापर्यंत पोचायच्या आत सोडून देऊन ओशाळा होऊन कोपऱ्यात बसायचा. खूप तहान, खूप लघवी, खूप भूक, सुटलेलं पोट: स्टिरॉइड वारंवार दिलं की कुत्र्यात हेच दिसतं. हे कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं. आम्हाला कोण सांगणार? स्टिरॉइड टोचलं हेच मुळात सांगितलेलं नव्हतं.

इथं कुणी लगेच स्टिरॉइडला शिव्या घालू नका. फार कामाचं औषध आहे ते. खाजेनं वेड्यापिशा झालेल्या जनावराला एका रात्रीत झोप देतं. पण ते खाज थांबवतं, खाजेचं कारण तसंच राहतं. कारण काय, हे कुणी बघितलेलंच नसतं, खरी गोम तिथं आहे. लूतच घ्या. तिचे किडे दोन तऱ्हेचे. डेमोडेक्स केसांच्या मुळाशी राहतो, आईकडून पिल्लाला पहिल्या काही दिवसांतच मिळतो, आणि प्रतिकारशक्ती ढासळली की माजतो. त्यावर स्टिरॉइड दिलं तर तो आणखी पसरतो. दुसरा सार्कोप्टिस. त्यानं कुत्रं कानांच्या कडा आणि कोपरं खाजवून रक्तबंबाळ करतं, आणि मांडीवर घेणाऱ्या माणसालाही पुरळ उठतं. गजकर्ण वेगळं, तेही माणसाला लागतं. पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असेल तर शेपटीच्या वरचा भाग उजाड होतो. थायरॉइड कमी असेल तर केस जातात पण खाज फारशी नसते. यातलं प्रत्येक टेबलापासून चार फुटांवरून जवळजवळ सारखंच दिसतं. आणि यातलं बरंचसं वेगळं करायला लागतं काय? एक ब्लेड, एक काचपट्टी, चिकटपट्टीचा तुकडा, आणि एक मायक्रोस्कोप.

एकदा धीर करून विचारलं, "डॉक्टर, कातडी खरवडून, स्क्रेपिंग करून बघू या का?" उत्तर आलं, "गुगल वाचून येता तुम्ही लोक. मी रोज शंभर बघतो." पुढं काय बोलणार.

मग शहरातच दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "आधी काय काय दिलंय?" मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं बंड्याकडे. लसीची वही पुढं केली. तिच्यात प्रत्येक लसीचं स्टिकर नीट चिकटवलेलं, बॅच नंबरासकट, तारीख, सही, पुढची तारीख. खाजेच्या इंजेक्शनांची एक ओळही नाही. तेच डॉक्टर, तेच टेबल, तीच सिरिंज. लसीला कागद आहे आणि औषधाला नाही, हे का? बाहेर येऊन जुन्या दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "खाजेचं इंजेक्शन हो मॅडम, दुसरं काय असणार!"

डॉक्टर बाईंनी नवीन काही टोचायला सरळ नकार दिला. लांब पल्ल्याचं स्टिरॉइड असेल तर त्याचा अंमल कित्येक आठवडे राहतो. तोवर खाण्याची अ‍ॅलर्जी तपासून उपयोग नाही, कारण खाज कमी झाली तर ती खाणं बदलल्यामुळे की जुन्या इंजेक्शनामुळे, हे कळणार कसं? आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं आळसावलेलं असतं, ते सावरायला वेळ द्यावा लागतो. स्टिरॉइडची गोळी असती तर हळूहळू कमी करत नेता आली असती. टोचलेलं परत काढता येत नाही. थोडक्यात, एका न लिहिलेल्या नावापायी बंड्यानं कितीतरी रात्री नुसतं थांबण्यात काढल्या. मला राग आला तो याचा. औषध चुकलं असेलही, नसेलही, पण ते ठरवायलाच आमच्याकडे कागद नव्हता.

त्या दिवशी त्यांनी तपासणी मात्र केली. ब्लेडला तेलाचा थेंब लावून, काखेची कातडी चिमटीत धरून, किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडलं. बंड्या माझ्या हातात तोंड खुपसून उभा. ते काचेवर घेऊन बघितलं, किडा नाही. सापडला नाही म्हणजे सार्कोप्टिस नाहीच असं नसतं, तो नेहमी हाती लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्यासाठी गोचीड-पिसवांवरची गोळी चालू केली, ती किड्यांवरही चालते. मग चिकटपट्टी कातडीवर दाबून, रंगात बुडवून, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मला बोलावलं. निळ्या-जांभळ्या ठिपक्यांची गर्दी. प्रत्येक ठिपका मधे कमरेशी दबलेला, अगदी शेंगदाण्यासारखा. सोलापूरच्या बाईला आणखी काय सांगायला लागतं! मॅलॅसेझिया नावाची बुरशी. ती निरोगी कातडीवरही थोडी असतेच, पण अ‍ॅलर्जीनं कातडी बिघडली की फोफावते. वास तिचा, काळेपणा तिच्यापायी. इतके दिवस "लॅबला असतोच" या दोन शब्दांखाली हे दडलेलं.

उपाय साधा, म्हणजे कागदावर साधा. औषधी शाम्पू, आठवड्यातून दोनदा, फेस अंगावर 10 मिनिटं ठेवून मग भरपूर पाण्यानं धुवायचं. भरपूर पाणी! आमच्याकडे नळ येतो चार-पाच दिवसांआड. उजनी धरण भरून वाहिल्याची बातमी वाचत आम्ही पिंपं मोजतो. शेवटी नळाच्या दिवशी एक अंघोळ आणि दुसरी पिंपातल्या राखीव पाण्यावर, असं बसवलं. 10 मिनिटं ओल्या लॅब्रॅडॉरला बाथरूममध्ये धरून ठेवणं ज्यानं केलंय त्यालाच कळेल. बंड्याची जुनी सोलापुरी चादर तेवढी दर आठवड्याला गरम पाण्यातून काढून गच्चीवर उन्हात टाकतो. उन्हाची टंचाई आपल्याकडे कधीच नाही.

पुढं आहाराची परीक्षा. 8 आठवडे त्यानं आयुष्यात न खाल्लेलं एकच मांस आणि एकच पिष्टमय पदार्थ, बाकी काही नाही. चिकन-भात तो जन्मापासून खातोय, म्हणून चिकन बाद. आम्ही उजनीची चिलापी उकडून, काटे काढून, रताळ्याबरोबर द्यायला लागलो. काटे काढायचं काम दिराकडं, तो अजून मला बोलतो. पण खरी परीक्षा माणसांची. सासूबाईंची दुधात कुस्करलेली चपाती, वॉचमनकाकांचा बिस्किटाचा तुकडा, शेजारच्या आक्कांचं "एवढ्याशानं काय होतंय की!" एवढ्याशानंच होतं. एका घासानं पुन्हा पहिल्यापासून. फाटकावर पाटी लावली, "मला खायला देऊ नका, मी औषधावर आहे." पोरं वाचून हसायची आणि तरी द्यायची. (रक्त तपासून खाण्याची अ‍ॅलर्जी सांगतो म्हणणारे भेटतात. त्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.)

निकाल लागला तो नकारार्थी. मासळीनं फरक पडला नाही, परत चिकन देऊनही वाढलं नाही. म्हणजे खाणं नव्हे. धूळ, परागकण, घरातल्या धुळीतले बारीक किडे, असल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी. डॉक्टर बाई म्हणाल्या, "हा बरा होणार नाही. ताब्यात राहील. शाम्पू आणि खाजेवरची गोळी आयुष्यभर लागेल, कधी कमी, कधी जास्त."

घरात भडका. "आयुष्यभर? धंदा आहे नुसता!" आणि हाच मला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग वाटतो. एका इंजेक्शनात बरं करतो म्हणणाऱ्यावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला. खरं काय ते सांगणारी बाई पहिल्याच वाक्याला लुटारू ठरली. जुन्या डॉक्टरांना एकट्याला कशाला दोष द्यायचा? वेटिंगमध्ये बसून मीच ऐकलंय, "डॉक्टर, तपासणी-बिपासणी नको, इंजेक्शन टाका, निघू दे." खरवडून बघायचे पैसे मागितले की लोकांना तो खर्च वाटतो, सिरिंज दिसली की उपचार वाटतो. दिवसभर असली माणसं येत असतील तर मायक्रोस्कोपवर धूळच बसणार. त्यात आपला जिल्हा खिलार बैलांचा आणि पंढरपुरी म्हशींचा. सरकारी दवाखान्याचं मुख्य काम गोठ्यातलं, आणि ते तसंच असायला हवं. पशुवैद्यकीय कॉलेज शिरवळला किंवा उदगीरला, दोन्ही जिल्ह्याबाहेर. नुसत्या कातडीचा डॉक्टर हवा तर पुण्या-मुंबईकडे बघायचं.

दुसऱ्या टोकाला डॉक्टर सोडून गॅरेज गाठणारे आहेत. जळकं ऑइल चोपडायचं, म्हणे लूत जाते. कुत्रं ते चाटतं, पोटात जातं, कातडी भाजते. फिनेल, डेटॉल तीच गत. गंधकाला आधार आहे, चुना-गंधकाचं द्रावण लुतीवर खरंच वापरतात, पण ते प्रमाणात बनवलेलं, आपल्या खोबरेलात कालवलेलं नव्हे. कडुनिंबाच्या पाण्यानं बिघडत नाही आणि सुधारतही नाही. आणि गोठ्यातलं, जनावरांच्या जंत-किड्यांवरचं आयव्हरमेक्टिन अंदाजानं कुत्र्याला देणाऱ्यांनी तर हात जोडून थांबावं. कॉली आणि तिच्या जातकुळीतल्या काही कुत्र्यांच्या मेंदूत ते शिरतं आणि जीव जाऊ शकतो. त्यामागचा जीन 2001 मध्येच सापडलाय.

तर मागणं एवढंच आहे, आणि त्याला ना मायक्रोस्कोप लागतो ना पुणे. टोचलं त्याचं नाव, किती मिली, आणि कशासाठी, हे लसीच्या वहीत मागच्या पानावर लिहून द्या. "स्किन" असं नाही, संशय कशाचा आहे ते. माहीत नसेल तर "माहीत नाही, तात्पुरतं" असं लिहा, आम्ही काही भांडायला येत नाही. डॉक्टर बदलला, गाव बदललं, तुम्ही सुट्टीवर गेलात, तरी पुढच्याला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये.

बंड्याचं सध्या बरं चाललंय. सप्टेंबरच्या पावसात दमट हवेला कान परत लाल होतात, मग शाम्पू वाढवायचा, गोळी वाढवायची. काखेत केस आलेत, वास गेलाय, घमेलं दिवसभर पुरतं.

परवा रेबीजच्या लशीसाठी जुन्या डॉक्टरांकडेच गेले. घराजवळ तेच, आणि पार्वो मी विसरलेली नाही. लस दिली, स्टिकर चिकटवलं. मग त्यांचं कानाकडे लक्ष गेलं. "लाल दिसतोय की. एक टाकतो," म्हणत बाटली उचलली. मी वही परत पुढं सरकवली, मागचं पान उघडून. "डॉक्टर, नाव लिहा ना यात, काय देताय ते."

त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाटली खाली ठेवली. "राहू दे मग. कानात घालायचे थेंब लिहून देतो," म्हणाले, आणि पेन काढून नाव, दिवसातून किती वेळा, किती दिवस, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं.